दोन पट्ट्यांमधली फट

आमचं घराणं पेटीचं, पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या यादीत आमचं नाव सापडायचं नाही. आम्ही भाता चिकटवणारे, रीड घासणारे. बेळगावात घराच्या पुढच्या सोप्यातच माझं दुरुस्तीचं दुकान आहे. भजनी मंडळातली पोरं संध्याकाळी पेट्या आणून टाकतात, "मास्तर, काळी चार बोंबलायलीय बघा," म्हणतात आणि जातात. चाळीस वर्षं हेच ऐकत आल्यामुळे 'पट्टी' या शब्दाचे दोन अर्थ माझ्या डोक्यात कधी वेगळे झालेच नाहीत. बोटाखाली दबते ती पट्टी आणि गवयाचा षड्ज जिथं बसतो तीही पट्टीच. गाणारं माणूस समोर बसलं की पहिला प्रश्न, "कितीत?" कुणी काळी एक सांगतो, कुणी काळी चार, आणि बैठक सुरू होते. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीतही कुणी राहत असेल, हे मात्र गेल्या वैशाखापर्यंत मला ठाऊक नव्हतं.

गल्लीच्या टोकाला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पाइप बँडमधून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. ही रेजिमेंट आपलं मूळ १७६८ सालात सांगते आणि तिचं केंद्र १९२२ पासून आमच्या गावात आहे, त्यामुळे बेळगावकराला बॅगपाइपचं अप्रूप नाही. हवालदारसाहेबांच्या पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा ते दुकानात आले. "मास्तर, तुम्ही पेटी, मी पाइप. अंतरपाट खाली आला की दोघं मिळून भूप वाजवू." भूप म्हणजे सा रे ग प ध, पाच सूर. पाइपात नऊ सूर असतात, त्यात भूप आरामात बसतो. मी विचारलं, "कितीत?" ते म्हणाले, "बी फ्लॅट." म्हणजे काळी पाच. मी म्हटलं, मग तालीम कसली करायची? नवरीच्या आईलाही सांगून टाकलं, वहिनी, निर्धास्त राहा.

अंतरपाट खाली आला. साहेबांनी काखेतली पिशवी दाबली, तिन्ही ड्रोनांनी सूर धरला, मी काळी पाच दाबली, आणि दोन म्हशींची शिंगं एकमेकींत अडकावीत तसा कल्लोळ उठला. पेटी खाली पडत होती. मी चटकन वर सरकून पांढरी सात धरली, तर आता पेटी तेवढीच वर. पुढच्या रांगेतल्या पोरांनी कानांत बोटं घातली. वरमाईनं माझ्याकडे जे पाहिलं, ते काही मी अजून विसरलेलो नाही. साहेब शहाणे. वाजवत वाजवतच ते मांडवाबाहेर गेले आणि फाटकापाशी उभं राहून एकट्यानं भूप पुरा केला. मी भाता बंद करून बसलो. लग्न लागलं, आमचं दोघांचं तेवढं जुळलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोनवरचा ट्यूनर लावून आम्ही मोजलं. माझी काळी पाच ४६६ हर्ट्झ, पांढरी सात ४९४. साहेबांचा चँटर नवा होता, नातलगानं विलायतेहून आणलेला. त्याचा षड्ज ४८०. म्हणजे बरोबर मधोमध, फटीत. साहेब म्हणाले, "बी फ्लॅट म्हणजे नावाचं ओ. तिकडच्या बँडांचा आता एवढाच असतो." नावाचं म्हणजे काय, हा प्रश्न घेऊन मी पुस्तकांत शिरलो. माझा भाचा एडिंबरोला असतो, त्यालाही कामाला लावलं. त्या खटाटोपातून जे हाती लागलं ते इथं मांडतो.

आधी वाद्य नीट बघू. हायलँड बॅगपाइपची फुंक थेट सुरात जात नाही. ती पिशवीत साठते आणि काखेच्या दाबानं नळ्यांत जाते. बोटं चालतात ती नळी म्हणजे चँटर. तिच्या तोंडाशी सनईच्या पातीसारखी दुहेरी पात असते. खांद्यावर तीन ड्रोन: दोन मधल्या सप्तकाचे, चँटरच्या षड्जाखाली एक सप्तक, आणि तिसरा खर्जाचा, दोन सप्तकं खाली. आपल्या सनईशेजारी बसून दुसरा माणूस सूर धरतो, तो माणूस इथं त्याच पिशवीला बांधलेला आहे. चँटरमधून नऊ सूर निघतात: मंद्रातला कोमल निषाद, मग षड्जापासून पंचम-धैवतापर्यंत शुद्ध, वर पुन्हा कोमल निषाद आणि तार षड्ज. आपल्या हिशेबानं हा खमाज थाट झाला. विलायती लिपीत त्या षड्जाला 'ए' म्हणतात. पाइपच्या कागदावर शार्प-फ्लॅटच्या खुणा बहुधा नसतातच. वाजवणाऱ्याला ठाऊक असतं, वाद्यात दुसरे सूरच नाहीत.

म्हणून दुसऱ्या वाद्याबरोबर बसताना पाइपवाल्यापुढे एक नव्हे, दोन सवाल असतात. पहिला, वाद्याचा षड्ज कुठं आहे. तो बनवणाऱ्यानं ठरवलेला असतो. दुसरा, चालीचं घर कुठल्या सुरावर करायचं. आपल्याकडे मध्यमाला सा धरून गायची रीत आहे, तीच युक्ती तिथंही चालते. चँटरचा मध्यम सा धरला की सगळे शुद्ध सूर हाती येतात, बिलावल होतो, आणि ड्रोनचा षड्ज आपोआप पंचम होतो. रिषभ सा धरला तर आसावरी. पंचम धरला तर काफी. स्कॉटलंडच्या कितीतरी चाली या मध्यमाच्या घरात राहतात. त्यामुळे पाइप 'ए'चा असला तरी साथीच्या व्हायोलिनवाल्याला पुष्कळदा 'डी' धरावा लागतो. नवखा इथंच फसतो. तो वाद्याची पट्टी विचारतो, चालीची विचारत नाही.

आता षड्ज हलवता येतो का? थोडासा. पात चँटरमध्ये खोल सारली की सूर चढतो, बाहेर ओढली की उतरतो. पण वरचे सूर जास्त हलतात, खालचे कमी, म्हणून एका सुराचं भलं करताना आठांचं वाटोळं होतं. मग भोकांच्या वरच्या कडेला चिकटपट्टीचे तुकडे लावून एकेक सूर खाली आणायचा. त्यात हवा तापली की फुंकवाद्य चढतं, दर अंशाला साधारण तीन सेंट. सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. वैशाखातल्या मांडवात पाइप चढत होता आणि पेटीचे पितळी सूर जागचे हलत नव्हते. मी फजित झालो त्यात बेळगावच्या उन्हाचाही थोडा वाटा होता, एवढं समाधान मला मिळालं.

सेंटाचं हे माप ज्यानं काढलं, त्यानंच बॅगपाइपही मोजला. अलेक्झांडर एलिस त्याचं नाव. बर्नार्ड शॉनं 'पिग्मॅलियन'च्या प्रस्तावनेत या म्हाताऱ्या भाषापंडिताची आठवण काढली आहे. त्याच नाटकावरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं, आणि पुलं पेटी वाजवायचे, म्हणून हा एलिस मला पहिल्यापासूनच घरचा वाटला. १८८५ साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे त्यानं जगातल्या निरनिराळ्या लोकांच्या स्वरसप्तकांवर निबंध वाचला. कानाच्या कामासाठी पियानोच्या धंद्यातला हिपकिन्स सोबत होता. राजा रामपालसिंहांच्या सतारीचे पडदे त्यांनी मोजले, तसाच एक हायलँड चँटरही. तो वाजवून दाखवला 'पंच' साप्ताहिकाचा चित्रकार चार्ल्स कीन यानं. हा माणूस पाइपाचा वेडा होता.

त्या चँटरचा षड्ज निघाला ४४१. आजच्या पेटीवर ती जवळपास अचूक पांढरी सहा. कागदावर 'ए' लिहिलेला सूर त्या दिवशी खरोखरच आजच्या 'ए'वर होता. गांधार ५३७, म्हणजे आपल्या कोमल आणि शुद्ध गांधाराच्या साधारण मध्ये. तो ना इकडचा ना तिकडचा. एलिसला हे सूर अरबी सप्तकाच्या नात्यातले वाटले. सतार आणि पाइप एकाच टेबलावर मोजल्यावर त्यानं सांगितलं की निसर्गानं सगळ्या जगाला वाटून दिलेलं असं एकच सप्तक नाही. पुढं पंचवीस वर्षांनी, १९१० साली, आमच्या शेजारच्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं आणि क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्यानं श्रुतींची पेटी करवून घेतली. त्यांचंही दुखणं तेच होतं: पियानोच्या सोयीसाठी कापलेले बारा सारखे तुकडे आपल्या गळ्याला बसत नाहीत. १९४० साली रेडिओनं पेटी हद्दपार केली, ती याच भांडणातून. पेटीवाल्याच्या घरात हे भांडण लोणच्यासारखं मुरलेलं असतं, म्हणून बॅगपाइपची कैफियत मला लगेच समजली.

१८८५ चा ४४१ आणि साहेबांचा ४८०. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांत पाइप दीड पट्टी चढला. त्याला कुणी अडवलं कसं नाही? उत्तर सोपं आहे. अडवायला शेजारी कुणी बसलेलंच नव्हतं. हे वाद्य मैदानावरचं, डोंगरउतारावरचं, लढाईतलं. त्याचा हिशेब त्याच्या स्वतःच्याच ड्रोनशी. १८५४ मध्ये ब्रिटिश युद्धखात्यानं हायलँड पलटणींना एक पाइप-मेजर आणि पाच पाइपर अधिकृतपणे मंजूर केले. पाइपांच्या तांड्याबरोबर ढोल आले, पाइप बँड झाले, त्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. स्पर्धेत झगझगीत सूर उठून दिसतो आणि जरा चढा सूर जास्त झगझगतो. जिंकणाऱ्या बँडासारखा चँटर बाकीच्यांनाही हवा होतो. ढोलाला पट्टीचं सुखदुःख कमी. पंधरा-वीस पाइपांना फक्त एकमेकांशी जुळायचं असतं. व्हायोलिन, पियानो, पेटी यांचा विचार कुणी करायचा?

यात एक मोठी चुकामूक दडलेली आहे. फौजेत पाइपांचा शेजारी कुणी असेल तर तो ब्रास बँड. त्याची वाद्यं बी फ्लॅट आणि ई फ्लॅटमधली. पण एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश फौजी बँडांची पट्टीच चढी होती: ज्या 'ए'ला आज आपण ४४० म्हणतो तो त्यांचा ४५२ च्या आसपास. त्या हिशेबानं त्यांचा बी फ्लॅट येतो ४७९. म्हणजे कीनचा पाइप ४४१ वर होता तेव्हा ब्रास ४७९ वर बसला होता. पुढं १९३९ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 'ए' ४४० वर ठरला, ब्रासवाले हळूहळू खाली उतरले आणि त्यांचा बी फ्लॅट ४६६ झाला. पाइप मात्र तोवर चढत चढत त्याच जुन्या ४७९ च्या माडीवर जाऊन बसला. एक जिना उतरून खाली आला तेव्हा दुसरा वर पोहोचला होता. मधे कुठंतरी जिन्यात दोघांची गाठ पडली. १९७२ साली रॉयल स्कॉट्स ड्रगून गार्ड्सच्या पाइपांनी फौजी ब्रासच्या साथीनं 'अमेझिंग ग्रेस' वाजवलं. ती रेकॉर्ड ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. बी फ्लॅटचं घर तेव्हा दोघांना पुरलं.

रॉकवाल्यांनीही पाइपांसमोर मान तुकवली. ऑस्ट्रेलियातल्या 'एसी/डीसी' या मंडळींनी १९७५ मध्ये 'इट्स अ लाँग वे टु द टॉप' केलं. गायक बॉन स्कॉट जन्मानं स्कॉटिश, पाइप तोच फुंकतो. गिटारवाल्यांच्या बोटांना ई आणि ए आवडतात. बी फ्लॅट त्यांना अवघड जागेचं दुखणं. तरी गाणं बी फ्लॅटमध्ये आहे, कारण गिटार सरकू शकते, पाइप सरकत नाही. स्कॉटलंडच्या लोकसंगीताच्या मंडळ्या, टॅनाहिल वीव्हर्स, बॅटलफील्ड बँड, यांनी फिडल आणि हायलँड पाइप एका रंगमंचावर आणले तेव्हाही तेच. फिडलवाल्यानं तारा एक पट्टी चढवायच्या, गिटारवाल्यानं मानेवर चिमटा बसवायचा. जो हलू शकतो त्यानंच हलायचं, हा घरातल्या सुनांना लागू होणारा नियम वाद्यांनाही लागू.

आयर्लंडची गोष्ट उलटी. तिथं पाइपच बदलला. आयरिश इलन पाइप तोंडानं फुंकत नाहीत. एका काखेत भाता, दुसरीत पिशवी. 'इलन' म्हणजे आयरिशमध्ये कोपर. भात्याची हवा कोरडी, त्यामुळे पाती ठिकाणावर राहतात. चँटर दोन सप्तकं बोलतो. हे वाद्य मांडी घालून नाही, पण बसून, घरात वाजवायचं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मलिंगरचे केन्ना, डब्लिनचे कॉइन हे कारागीर जे सेट करत ते आजच्या भाषेत 'फ्लॅट', म्हणजे उतरे: सी, बी, बी फ्लॅट, आणि पुष्कळदा दोहोंच्या मधले. अरुंद पोकळी, लांब चँटर, मऊ आवाज. खोलीत दहा माणसं, पाइपर एकटा. त्याचा षड्ज त्याच्या लाकडाला मानवेल तिथं.

मग दुष्काळ पडला, माणसं बोटी भरभरून अमेरिकेला गेली, आणि संगीत चुलीपुढून उठून थिएटरात आलं. द्रोएडाहून गेलेले टेलर बंधू फिलाडेल्फियात पाइप बनवायला बसले. १८७० च्या दशकापासून त्यांनी पोकळी रुंद केली, चँटर आखूड केला आणि षड्ज 'डी'वर, आपल्या पांढरी दोनवर, आणून ठेवला. आवाज मोठा, मागच्या खुर्चीपर्यंत जाणारा. 'डी' का, हे व्हायोलिन हातात धरलं की कळतं. त्याच्या मोकळ्या तारा पेटीच्या भाषेत पांढरी पाच, दोन, सहा आणि तीन. पांढरी दोनचा षड्ज धरला की मोकळी तार खणखणते. आयरिश लाकडी बासरी 'डी'ची, पत्र्याची शिट्टी बहुतेक 'डी'ची. म्हणजे पाइप पंगतीत आला तो वाढप्यांच्या सोयीनं. पुढं डब्लिनमध्ये लिओ रोसम यांनी ही कॉन्सर्ट पट्टी रुजवली. तिच्याच जोरावर १९८० साली शॉन डेव्ही यांची 'द ब्रेंडन व्हॉयेज' ही पाइप आणि पूर्ण ऑर्केस्ट्राची रचना आली, त्यात पाइप वाजवले लियम ओ'फ्लिन यांनी. एकट्यानं बसायचं असलं की मात्र जाणते आजही जुना उतरा सेट काढतात. भाच्यानं दोन्ही आवाज पाठवले होते. 'डी'चा पाइप बाजारपेठेत बोलणाऱ्या माणसासारखा, 'बी'चा माजघरातल्या आजीसारखा.

भाचा एकदा इंग्लंडच्या उत्तरेला मॉर्पेथला जाऊन आला. तिथं जुन्या चँट्रीच्या इमारतीत पाइपांचं संग्रहालय आहे. फोन केला तो हसतच. "मामा, तुमचे फटीतले लोक इथं पण आहेत." नॉर्थम्ब्रियन स्मॉलपाइप हे त्या भागाचं वाद्य, लहानसं, भात्याचं. चँटरचं खालचं टोक बंद, म्हणून सगळी भोकं झाकली की आवाज थांबतो आणि सूर मटाराच्या दाण्यांसारखे सुटे सुटे पडतात. नॉर्थ शील्ड्सच्या रॉबर्ट रीड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला चाव्या वाढवल्या. हे लोक वाजवतात 'जी' म्हणून, लिहितात 'जी' म्हणून, आणि परंपरेनं सूर निघतो 'एफ'च्याही जरा वर, पांढरी चारहून साधारण वीस सेंट चढा. तिकडे त्याला 'एफ प्लस' म्हणतात, म्हणजे 'चार आणि थोडं'. आपसात बसले की सगळे जुळलेले. पाहुणा आला की पंचाईत. म्हणून आता तिथले कारागीर अस्सल 'जी'चेही सेट करतात आणि वाजवणारा दोन्ही बाळगतो, एक घरच्यांसाठी, एक पाहुण्यांसाठी.

याच भागातल्या कॉलिन रॉस या कारागिरानं स्कॉटलंडचा प्रश्न सोडवला. हायलँड पाइपांची बोटं ज्यांच्या हातात बसली आहेत, त्यांना फिडलशेजारी बसता यावं, म्हणून १९८० च्या सुमारास त्यानं स्कॉटिश स्मॉलपाइपला नवा घाट दिला. त्यात बोटं हायलँडचीच, पण चँटरची पोकळी शंकूसारखी न ठेवता सरळ नळीसारखी. सरळ नळी एक सप्तक खाली आणि हळू बोलते. असे पाइप ए, बी फ्लॅट, सी आणि डी अशा चार पट्ट्यांत होऊ लागले, आणि बैठकीत सगळ्यात जास्त खपला तो 'ए'. कारण आता उघड आहे. चँटरचा षड्ज पांढरी सहावर, मध्यम पांढरी दोनवर. फिडलच्या दोन मोकळ्या तारा आणि चालींची दोन आवडती घरं एकदम हाती. शिवाय कागदावर लिहिलेला 'ए' शंभर वर्षांनी पुन्हा खरा 'ए' झाला. कीनचा चँटर जिथं बोलला होता तिथंच, फक्त एक सप्तक खाली.

जिथं पाइपाला पहिल्यापासून सोबत होती, तिथं ही गरज आधीच ओळखली गेली. स्पेनच्या गालिथिआत गायता तीन मापांचा: बी फ्लॅटचा तुंबाल, सीचा रेदोंदा, डीचा ग्रिलेइरा. बल्गेरियाच्या रोडोपी डोंगरातला काबा गायदा तर खर्जातलाच, कारण त्याला माणसाच्या गळ्यामागे उभं राहायचं असतं. १९७७ साली व्हॉयेजर यानातून जी सोन्याची तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर वाल्या बाल्कान्स्का या बाईचं गाणं आहे, मागे काबा गायदा. त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकर आहेत, 'जात कहाँ हो' म्हणणाऱ्या. एकीमागे पिशवीचा सूर, एकीमागे तंबोऱ्याचा. दोघींचीही पट्टी गळ्यानं ठरवली आणि वाद्य तिथं आलं.

हे सगळं मी साहेबांना दुकानात बसवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग मी 'ए'चा स्मॉलपाइप घेऊ? केवढ्याला पडंल?" मी किंमत सांगितली. ते गप्प झाले. बाजारात ४६६ चे, ४४० चे हायलँड चँटरही मिळतात, तेही सांगितलं. पण नव्या चँटरवर त्यांचा जीव होता. मला सुनेचा नियम आठवला. पाइप हलत नसेल तर पेटी हलते का?

माळ्यावर एक पेटी पडून होती, भाता फाटलेली, मालक कधीच न परतलेला. तिला खाली काढली. पाइपात नऊच सूर, म्हणजे मला नऊच रीड हलवायच्या होत्या: काळी चार, काळी पाच, मग वरच्या सप्तकातली पांढरी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, आणि पुन्हा काळी चार, काळी पाच. रीडच्या जिभेखाली पातळ पत्रा सारायचा आणि टोकाला हलकी कानस लावायची. टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. घासताना जीभ तापते आणि तापलेली जीभ खोटं बोलते, म्हणून दोन हात मारायचे, थांबायचं, मग फुंकायचं. पन्नास सेंट म्हणजे पुष्कळ झालं. घाईनं घासली तर जीभ तुटते. माझ्या दोन तुटल्या.

साहेब बाहेर कट्ट्यावर ड्रोन धरून उभे. मी आत काळी पाच दाबून ऐकत बसलो. सूर जुळत नाहीत तोवर दोघांच्या मधे लाटा येतात, घरघर, घरघर. सेकंदाला सात लाटा, पाच, तीन. मग एक लांबलचक, पाण्यावर तरंग पसरावा तशी. मग तीही निघून गेली आणि सोप्यातली हवाच स्थिर झाल्यासारखी वाटली. गांधाराला मी फोन बंद केला. पेटीच्या ठरलेल्या मापानं तो बसतच नव्हता. ड्रोनशी लाट थांबेपर्यंत खाली आणला, तेव्हा मापापेक्षा चौदा सेंट उतरला होता. कोमल निषाद त्याहून खूपच खाली. साहेब त्यांच्या बँडच्या सवयीनं तो तसाच वाजवतात. देवलांच्या सांगलीपासून इतक्या जवळ राहून शुद्ध गांधार मी आयुष्यात पहिल्यांदा पेटीवर लावला, आणि तोही एका विलायती वाद्याच्या धाकानं.

तुळशीच्या लग्नाला आम्ही पुन्हा बसलो. कार्तिकातली संध्याकाळ, हवेत गारवा. मी काळी पाच दाबली, आणि घरघर! माझ्या पोटात गोळा आला. वैशाखापासून इतके अंश उतरले होते, पाइपही उतरला होता. माझ्या रीड जागच्या जागी. साहेबांनी हात वर केला. चँटर उपसला, पात केसभर आत सारली, पुन्हा बसवला, आणि दहा मिनिटं अंगणात फिरून फुंकत राहिले, वाद्य तापेपर्यंत. तुळशीपुढे निरांजनाची वात दोनदा सारखी करावी लागली, पण कुणी कुरकुरलं नाही. मग भूप झाला. पोरांची बोटं कानांत गेली नाहीत. वरमाई अर्थातच नव्हती.

ती पेटी आता दुकानातच असते. परवा भजनी मंडळातल्या एका पोरानं सहज तिच्यावर बोटं फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"मास्तर, ही पार बिघडलीय की ओ. दुरुस्त का करत नाहीसा?"

"केलेलीच आहे," म्हणालो, आणि त्याच्या हातात दुसरी दिली.